करुणेच्या वर्गात बाई

बाई, मागच्या आठवड्यात सिंदेवाहीला आमचं करुणेचं प्रशिक्षण झालं. हसू नका. शिक्षक फार थकलेत म्हणे, म्हणून आधी स्वतःवर आणि मग दुसऱ्यावर माया कशी करायची ते तीन दिवस शिकवलं. सतरंजीवर बसवून डोळे मिटायला सांगितलं, तर निम्मे गुरुजी घोरायलाच लागले. मग शिकवणारी ताई म्हणाली, ज्याच्याशी तुम्ही कठोर वागलात त्याला डोळ्यांसमोर आणा, त्याचं भलं व्हावं असं मनात म्हणा. माझ्यापुढे तुम्ही आलात, खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत.

कुरखेड्याजवळची आपली दोन शिक्षकी शाळा. तुम्ही मुख्याध्यापिका, मी नवीन. मोहाचे दिवस, सकाळची शाळा. मोहफुलं वेचून उशिरा आलेल्या एका पोरीला मी थापड मारली. तुम्ही मला खिचडीच्या खोलीत नेलंत, पुढ्यात चहा-पोळी ठेवलीत. "ते पोरगी उपाशी आहे, तू बी उपाशी आहेस. पयले खा, मंग रागव." मला तो अपमान वाटला. पोळी मात्र खाल्ली.

तीन वर्षांनी तुम्ही वर्गात झोपू लागलात. हजेरी चुकायची, पोरांवर विनाकारण खेकसायचात. चारही वर्ग माझ्या गळ्यात. मी नुसती धुसफुसत राहिले. बाई, तब्येत बरी नाई का, एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. तुम्हाला शुगर होती, हे मला तुमच्या तेरवीला कळलं.

पालकांनी तक्रार केली, असं गावात अजून म्हणतात. पालकांनी फक्त सह्या-अंगठे केले. लिहिली मी, दुपारच्या सुट्टीत, तुमच्याच टेबलावर. डुलक्यांच्या तारखासुद्धा टाकल्या. निवृत्तीला दीड वर्ष असताना तुमची बदली पार आत जंगलात झाली, आणि तिथून तुम्ही परत आलाच नाहीत.

प्रशिक्षणात मी यातलं काहीच सांगितलं नाही. "बाईनं मले लय जीव लावला," एवढं बोलून खाली बसले, टाळ्या पडल्या. लाज वाटली. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून यात खरं लिहिते. जायच्या दिवशी शाळेच्या किल्ल्या हातात देताना तुम्ही म्हणालात, "तक्रार चांगली लिवली तू. एक बी चूक नाई." खोटं कशाला बोलू बाई, शाबासकी ऐकून क्षणभर मला बरं वाटलं होतं.