शेजारच्या सीटवरून

प्रिय ठमे,

फोन करायचा सोडून आईनं हे पत्राचं काय खूळ काढलं, असं म्हणशील. अगं, फोनवर बोलायला घरात एखादा कोपरा तरी मोकळा हवा ना. मी फोन उचलला की तुझे बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून कान टवकारतात, आणि पलीकडे तू आहेस हे कळलं की उठून गॅलरीत जातात नि तिथून ऐकतात. शिवाय मला जे सांगायचंय ते बोलायला लागले तर रडू येईल, आणि खरं सांगू, मला आता रडायचाही कंटाळा आलाय. ते आत दुपारची झोप काढताहेत. शिलाई मशीनचं झाकण लावून त्यावरच कागद ठेवलाय, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझी गाडी ठीक आहे, हे आधी सांगते. तुझी म्हणजे तू कंपनीतून आमच्यासाठी आणलीस ती. तिला बघायला अजून शेजारीपाजारी येतात. वरच्या मजल्यावरचे रिटायर पोस्टमास्तर परवा तिच्यात ऐसपैस बसले आणि विचारायला लागले, एवढा ताटाएवढा पडदा आहे तर मालिका दिसतात का. मी त्यांना सांगितलं, पडद्यावरचं कुठलं चित्र कुठं ठेवायचं हे आमची मुलगी आणि तिच्या हाताखालची माणसं ठरवतात. असं मी सगळ्यांना सांगते. तुझे बाबा जवळपास असले की मात्र मूग गिळून बसते.

तू गाडी आणलीस तो दिवस काही माझ्या मनातून जात नाही. तू किल्ली त्यांच्या हातात दिलीस आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं आता काय होणार. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं त्यांनी, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला रस्त्यावर नेण्याआधी उभ्या गाडीत डोळ्यांवर रुमाल बांधून बसवलं. वायपर लाव, दिवे लाव, काचेवरची वाफ घालव, सगळं चाचपून. डोळे रस्त्याचे, हात गाडीचे, हे त्यांचं वाक्य तुला झोपेतही ऐकू येत असेल. जो चुकला त्यानं हुज्जत न घालता किल्ली शेजारी बसलेल्याच्या हातात द्यायची आणि जागा बदलायची. तुलासुद्धा सोडलं नव्हतं. वायपरऐवजी इंडिकेटर लावलास म्हणून तुझी किल्ली गेली आणि तू न जेवता झोपलीस. तर तोच रुमाल त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर बांधला आणि त्या गुळगुळीत काचेवर बोटं फिरवायला लागले. वाफ घालवायला गेले तर सीट गरम व्हायला लागली. पंखा बारीक करायला गेले तर आतली बाई बोलली, कुठं जायचंय म्हणून. मला हसू आवरेना. ते हसले नाहीत. रुमाल सोडला, किल्ली तुझ्या हातात परत ठेवली आणि गाडी नापास, एवढंच म्हणाले.

मग तू म्हणालीस की हल्ली बटणं कोण शोधतं, नुसतं बोललं तरी गाडी ऐकते. ते म्हणाले, माणसाच्या नाकासमोर टीव्ही लावायचा आणि वर त्याला म्हणायचं रस्त्याकडे बघ. तू म्हणालीस, तुम्हाला नवीन काही शिकायचंच नसतं. झालं! बाप तशी लेक, दोघंही नाकावर माशी बसू देणार नाहीत. तू किल्ली टेबलावर टाकून निघून गेलीस आणि मी केलेला चहा तसाच राहिला. तेव्हापासून तुमचे निरोप इकडून तिकडे नेण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि दोघांचे निरोप थोडे गोड करून पोचवावे लागतात तो ताप वेगळाच.

राग मानू नकोस, पण पडद्याबद्दल त्यांचं काही चूक नव्हतं गं. पावसात आम्ही मावशीकडे निघालो होतो. पुढची काच आतून पांढरी झाली. जुन्या गाडीत ते गप्पा मारता मारता हात पुढे करून गोल बटण फिरवायचे, नजर रस्त्यावरून हलायची नाही. इथं आधी पंख्याचं चित्र, मग दुसरं पान, त्यात दोन काचांची दोन चित्रं, पुढची कुठली आणि मागची कुठली देव जाणे. मी बोट लावलं तर शिवून शिवून खरबरीत झालेलं माझं बोट त्या पडद्याला पसंत पडेना. त्या बाईला सांगून पाहिलं, बाई गं, वाफ घालव. तिनं मला वाफेच्या इस्त्रीची दुकानं दाखवली. एवढ्यात गाडी शेजारच्या रांगेत सरकली आणि मागच्या ट्रकनं असा हॉर्न मारला की माझ्या काळजाचं पाणी झालं. त्या दिवसापासून पडदा माझ्या वाट्याला आला. ते चालवतात, मी चित्रं दाबते. पोचल्यावर ते ताजेतवाने असतात आणि माझी मान अवघडलेली.

बाकी घरी नेहमीचंच. माझा गुडघा बरा आहे, आठवड्यातून दोनदा व्यायामाला जाते. तुझ्या बाबांची मात्र एक गंमतच झालीय. म्हातारपणी त्यांना प्रेम फुटलंय! बाजारात जाताना माझा हात धरतात. लग्नानंतर फोटो काढतानासुद्धा ज्यांनी हात धरला नाही, ते आता भाजीवाल्यादेखत धरतात. पोस्टमास्तरांनी चेष्टा केली तर म्हणाले, बायको हरवली तर दुसरी मिळायची नाही. मी लाजले, खोटं कशाला बोलू. चार दिवस हवेत होते. मग हळूहळू ध्यानात आलं की हात फक्त गर्दीत धरतात, आणि जिन्यात. दाराच्या चौकटीला खांदा लागतो आणि ते चौकटीवर खेकसतात. मी शेजारी येऊन उभी राहिले तरी बोलेपर्यंत त्यांना कळत नाही, मग दचकतात आणि म्हणतात, मांजरासारखी काय येतेस.

आता ज्यासाठी एवढी प्रस्तावना केली ते सांगते. गेल्या महिन्यात शाळेजवळच्या चौकात होतो. लख्ख ऊन होतं, काच स्वच्छ, पडद्याला आम्ही दोघांनीही हात लावला नव्हता. बाजूनं एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यात उतरली. मला ती फुटपाथपासून दिसत होती. मला वाटलं यांनाही दिसतेय, आता वेग कमी करतील. केला नाही. मी किंचाळले तेव्हा ब्रेक लागला, आणि बाबागाडी आमच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. ती बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि आमच्याकडे नुसतं बघितलं.  मग तुझे बाबा न्हाव्याला, पोस्टमास्तरांना, दूधवाल्याला, ज्याला त्याला सांगत सुटले की ऐन वेळी पडदा उजळला आणि लक्ष गेलं. मी शेजारी उभी राहून मान हलवत होते. पडदा उजळला नव्हता, ठमे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं. आमचं अंगण खरोखरच वाकडं आहे, पण नाचणाऱ्याचा पायही लटपटतोय.

मग मीच चष्म्याच्या दुकानात गेले. तिथला चष्मेवाला यांच्याच हाताखाली गाडी शिकलेला. मला बघून तो पहिलं हेच म्हणाला, काकू, सर डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले का? मला कुठलं काय माहीत! त्यानं थंडीतच यांना सांगितलं होतं, काचबिंदूची शंका आहे, कडेकडेचं दिसणं कमी झालंय, ताबडतोब मोठ्या डॉक्टरांना दाखवा. गेलं ते परत येत नाही, पण औषधाचे थेंब वेळेत सुरू केले तर उरलेलं टिकतं म्हणे. हे दवाखान्यात गेलेच नाहीत. समोरचं अजून नीट दिसतं, वर्तमानपत्र वाचता येतं, म्हणून स्वतःची समजूत घालून बसलेत. जुन्या गाडीत सगळं हातांना पाठ होतं, त्यामुळे आम्हाला कुणाला पत्ता लागला नाही, बहुधा त्यांनाही नाही. तुझ्या गाडीत पडद्याकडे बघायला त्यांना सबंध मान वळवावी लागते आणि तेवढा वेळ रस्ता पार नाहीसा होतो. पडद्यावर एवढे चिडतात ते का, हे मला तेव्हा कळलं.

मी बोलून पाहिलं. एकदा चिडून, एकदा समजावून. चिडले तेव्हा त्यांनी दार आपटलं. समजावलं तेव्हा म्हणाले, किल्ली काढून घेतलीस तर माझ्यात उरलं काय?  मला ते हवेत गं, किल्लीसकट, किल्लीशिवाय, कसेही. पण रोज त्या सीटवर बसून डावीकडचं मी बघायचं, उजवीकडचं मी बघायचं, पडदा मी दाबायचा आणि वर त्यांना कळू द्यायचं नाही की मी बघतेय, याचा आता थकवा आलाय. झोपेतसुद्धा माझा पाय ब्रेक दाबतो. त्या बाळाचं पांघरूण पिवळं होतं, ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणून तुला लिहितेय. तुमच्या ऑफिसात ती खोटी गाडी आहे ना, जिच्यात माणसं बसवून तुम्ही पडदे तपासता? तू म्हणाली होतीस की आधी प्रत्येकाचे डोळे तपासतात, कडेला ठिपके चमकवून. तिथं तुझ्या बाबांना बोलाव. तू स्वतः फोन कर, अबोला आधी तू मोड, आणि सांग की पडद्याला नावं ठेवणारा जाणता माणूस हवाय. उड्या मारत येतील. त्यांना पोटभर बोलू दे आणि ते खरंच लिहून घे, कारण ते बरोबर आहेत, आणि पुढच्या गाडीला वाफेसाठी एक साधं गोल बटण ठेवलंत तर तुझ्या आईचा आशीर्वाद मिळेल. मग ठिपक्यांचं जे निघेल ते त्यांना आडपडदा न ठेवता सांग. माझ्याकडून ते ऐकणार नाहीत, पण परीक्षेचा निकाल ते मोडणार नाहीत, त्यांच्या स्वभावात ते नाही. तिथूनच सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. आणि जाताना त्यांच्याच नियमाची त्यांना आठवण करून दे, नापास झालेल्यानं किल्ली शेजारच्याच्या हातात द्यायची. गुडघ्याचा व्यायाम वगैरे काही नाही गं. त्यांच्या जुन्या गाडीवर, त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याकडे जात होते, तो आता स्कूल चालवतो. शिवणयंत्रानं पाय तयार झालाय म्हणतो, क्लच एकदम हलका सोडता. डोळ्यांवर रुमाल बांधूनही एक बटण चुकले नाही. जन्मभर ड्रायव्हिंग मास्तरांच्या घरात दिव्याखाली अंधार होता, तो गेला. लायसन्स कालच आलंय. तू फक्त बोलाव. शेजारच्या सीटवर मी बसलेली असेन.

तुझीच,
दमलेली, पण तयार असलेली
आई