मासा वाळूत गेलाय

६ एप्रिल

मासा दिसत नाही! सकाळपासून काचेच्या टाकीभोवती चार फेऱ्या झाल्या. दगडामागं नाही, पंपाजवळ नाही. काल तर चांगला मजेत खात होता. लेक आरोही जाताना सगळं सोडून गेली, कपाटातले कपडेसुद्धा नेले नाहीत, आणि हे खाऱ्या पाण्याचं लोढणं तेवढं माझ्या गळ्यात घातलं.

मंगल चपात्या लाटता लाटता म्हणते, "वैनी, ताईलाच इचारा की." इचारा म्हणे! हिला काय जातंय. पोरीने पुण्यात आपल्या मर्जीने लग्न केलं, त्या दिवशी यांनी माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला — "तिच्याशी एक शब्द बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." छातीत स्टेंट बसवलेला माणूस! असली शपथ कुणी मोडावी?

७ एप्रिल

बोलले. मंगलच्या फोनवरून.

पण माशाचंच बोलले. तिचा आवाज ऐकला आणि म्हटलं, "मासा दिसत न्हाई." ती म्हणाली, "आई, तो रॅस जातीचा आहे गं. घाबरला की वाळूत शिरून बसतो. उकरू नकोस, आपला आपण निघेल." एवढंच. 'तू बरी आहेस का' ओठावर आलं होतं, ते गिळलं.

माशाचं विचारणं म्हणजे पोरीशी बोलणं नव्हे. देवासमोर हात जोडून तसं सांगितलं. त्याला पटलं असेल नसेल.

९ एप्रिल

निघाला! हिरवं अंग, त्यावर गुलाबी-केशरी पट्टे — पैठणीचा काठच. मेल्या, जीव टांगणीला लावलास की रे माझा!

१८ एप्रिल

आता फोन आठवड्यातून होतोच. "मासा खातो का?" "खातो. जरा वाळलाय." "त्याला म्हणावं नीट जेव." "म्हणते." माशाचं बोलणं संपतं. फोन ठेवायचा मात्र कुणीच नाही.

आज पाणी बदललं. फिल्टरचं पाणी, त्यात पुडक्यातलं मीठ ढवळायचं. मंगल कुरकुरली — "सिरसाळ्यात टँकरपुढं भांडणं चाललेत, अन आपल्या माशाला समुद्र पायजे." खरंय बाई तिचं. लाज वाटते. पण फरशी पुसायला जुनंच पाणी घेतलं आणि आंघोळीला एक बादली कमी केली.

२३ एप्रिल

तालुक्याची मंडळी आली होती. एकजण टाकी बघून हरखला, "अर्जुनराव, समुद्रच आणला की घरात!" पूर्वी हे छाती फुगवून सांगायचे, माझ्या लेकीनं केलाय. आज म्हणाले, "हाय आपली शोभा." आणि उसाच्या गोष्टी काढल्या. मी आत जाऊन उगीच कप विसळत बसले.

२ मे

मेला.

माझ्याच हाताने. खाणं टाकायला टाकीवरची जाळी उचलली, तेवढ्यात दारात शेजारच्या चंद्रभागाबाई आल्या, बोलण्यात गुंतले. जाळी तशीच बाजूला. त्यात लाईट गेली. दचकून उडी मारली असणार. सोफ्यामागं सापडला, पार सुकलेला. रंग तेवढे जागच्या जागी.

लई रडले. मंगल म्हणते, "माशापायी एवढं?" माशापायी नाही गं बाई! आता कोणत्या तोंडाने फोन करू? शपथेतून एवढी एकच वाट काढली होती, ती पण मीच बुजवली. मागच्या अंगणात कढीपत्त्याखाली पुरला. हे ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांना काही सांगितलं नाही.

६ मे

मंगलच्या फोनवर आरोहीचा फोन. "मासा कसा आहे?"

तोंडातून निघून गेलं — "वाळूत गेलाय."

१४ मे

"निघाला?" "न्हाई अजून."

ती म्हणाली, "आई, इतके दिवस नाही राहत गं तो." मी पदर तोंडात कोंबला. पलीकडे तीही नाक ओढत होती. मग हळूच म्हणाली, "राहतोही म्हणा एखादा. आपण वाट बघू. मी विचारत जाईन."

कळलंय पोरीला. सगळं कळलंय. आता दोघी मिळून मेलेल्या माशाची खुशाली विचारायची. मला माझाच राग येतो. आई आहे का कोण आहे मी? पण फोन बंद झाला तर मी जगू कशी, ते कुणी सांगावं!

१७ मे

हे काल पुण्याला गेलते. काय काम ते सांगितलं नाही. आज मी देवळातून आले तर टाकीपाशी उभे, शर्टाची बाही कोपरापर्यंत ओली. कधी त्या काचेला बोट लावलं नाही या माणसाने!

"काय झालं?" म्हटलं तर माझ्यावरच खेकसले, "ती जाळी नीट बसवत जा. ध्यान कुठं असतंय तुझं?"

जेवले पण नाहीत धड. गोळ्या घेतल्या का, विचारायची सोय नाही.

१९ मे

टाकीत मासा आहे!

तसाच हिरवा, तेच पट्टे. अंगाने जरा लहान. मी काचेला धरूनच उभी राहिले. माझ्या हाताने माती लोटली होती मी त्याच्यावर!

हे बाजूलाच चहा घेत होते. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "निघाला की वाळूतून. सांग तिला." खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला. "ह्याच्यावरून लाव. मंगलचा फोन कशापायी?"