टिबुकलीचं रिकामं घरटं

१२ जून
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझा तळ्यावरचा माहितीपट महोत्सवात निवडला गेला, हे मला वर्तमानपत्रातून कळलं. सख्ख्या बहिणीला कळवायला सवड झाली नाही. एवढा मोठा झालास का रे?

इकडे ह्यांचं काही खरं नाही. अकरा वर्षं रोज दुर्बीण घेऊन तळ्यावर पळणारा माणूस आता घरात बसून मला भाजी चिरायला शिकवतो! म्हणतात, धाकट्याच्या चित्रीकरणाच्या दिवशी माझ्या खोकल्यानं तळ्यातली टिबुकली पाखरू घरटं सोडून गेली, अंडी कावळ्यानं नेली, आता कोणत्या तोंडानं जाऊ. खोकला आला की उशीत तोंड खुपसतात. तू समजावलंस तर ऐकतील.
तुझी ताई

१९ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन हिंडतो आहे. खोकल्यानं काहीही झालेलं नाही. त्या दिवशी भाऊजी माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी गाडीतून आणायला गेले, तेव्हा मी दुसऱ्या टिबुकलीचा रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर लावला. मला ती पाण्यावरून धावताना हवी होती. असलं काही करू नकोस, वाट बघ, असं भाऊजींनी बजावलं होतं. आपल्या हद्दीत कुणी घुसलं समजून ती धावली. एरवी शेवाळानं अंडी झाकून निघते, तेही राहिलं. भाऊजी खोकत परतले तोवर कावळा उतरला होता.

त्यांनी स्वतःला दोष दिला आणि मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. त्यांचं रडणं हाच माहितीपटाचा शेवट आहे. लोक त्याचंच कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ते दृश्य मी काढून टाकतो. भाऊजींना तूच सांग, माझी हिंमत नाही.
तुझा अपराधी भाऊ

२७ जून
चि. धाकट्यास आशीर्वाद, पण आज हात आखडता घेऊन.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. स्पीकरचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग चपला घालून तळ्यावर गेले, ते जेवायच्या वेळेलाच उगवले.

म्हणाले, दृश्य काढायचं नाही. माझं रडणं खरं होतं. त्या दृश्यानंतर धाकट्यानं स्वतः कॅमेऱ्यासमोर बसावं आणि काय केलं ते सांगावं, माझ्यावर लावला तितक्याच जवळून कॅमेरा लावून.

तुझी निवड रद्द होईल म्हणून मी मध्ये पडले. उशीत खोकणाऱ्या नवऱ्यापुढे मी तुझ्या महोत्सवाची काळजी केली, ह्याची मलाच लाज वाटते. तेव्हा बस कॅमेऱ्यासमोर.

माया आहेच, राग ओसरला की दिसेल.
तुझी ताई