दादाच्या बॅगेची मूठ

रत्नागिरी, आषाढ वद्य पंचमी, शके १८५३

वैशाखापासून वहीला हात लावला नाही, चूक माझीच.

समुद्रात पडाव उलटून दादा बुडाला त्याला तीन वर्षं झाली. देह मिळाला नाही, कातडी बॅग मात्र भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत सापडली. बुरशी येऊ नये म्हणून दर पावसाळ्यात तिला खोबरेल आणि मेण चोळून मी चुलीवर धुराला टांगतो. वहिनी अजून कुंकू लावतात. आज म्हणाल्या, "भावजी, मूठ जपा हो. आले की आधी बॅगच मागतील."

संध्याकाळी बॅग उतरवली. कोरडी ठणठणीत, मूठ तेवढी ओली. मेणात चार बोटांचे ठसे. पुसून पुन्हा मेण चोळलं. देवापाशी दिवा लावून परतलो, तर ठसे तिथेच. ओल चाखली, खारट. घामही खारटच असतो. माझाच असेल? वहिनींना सांगितलं तर जन्मभर वाट पाहतील.

उद्या: त्या ठशांवर माझी बोटं ठेवून पाहणे.