ओवीत पाहुण्याचं नाव

आये,

तुला वाचता येत नव्हतं आणि मी शाळा तिसरीत सोडली, म्हणजे हे पत्र आपल्या दोघींच्याही कामाचं नाही. तरी लिहिते. डोकं फिरलंय आणि घरात ऐकून घ्यायला कुणी बसत नाही. सुनीता म्हणते, "आई, झालं ना आता, सोड." काय झालं? अजून काहीच झालं नाही.

तुझ्या ओव्यांचं पुस्तक निघालंय. तू जाऊन सहा वर्षं झाली तेव्हा. गुळगुळीत कागद, वर जात्याचं चित्र. चित्रात खुंटा भलत्याच जागी ठोकलाय, त्या जात्यावर दळायला बसलं तर हात मोडेल. इथल्या कला अकादमीनं यंदा काढलेल्या पुस्तकांचं न् मासिकांचं नाशकात प्रदर्शन होतं. आपली सुनीता कॉलेजच्या पोरींबरोबर गेली. एक पुस्तक सहज उघडलं, तर आत मी!

मी मेथीच्या जुड्या बांधत होते. ती धापा टाकत आली आणि वाचायला लागली,

माझी गं भामा लेक, हिरव्या मिरचीवानी
जगाशी भांडून येते, मंग मागते पानी

आये, माझ्या हातातली जुडी सुटली. सहा वर्षांनी तू मला घरात येऊन बोललीस असं वाटलं.

मग मी विचारलं, आजीचं नाव कुठं आहे? पुढून बघितलं, मागून बघितलं. शेवटी एका कोपऱ्यात बारीक अक्षरात सापडलं, 'गायिका : अनामिक ग्रामीण स्त्री'.

"अनामिक म्हणजे?"

"जिचं नाव माहीत नाही ती."

आणि पुस्तकावर मोठ्या अक्षरात कुणाचं नाव? सुधाकर सरांचं. आठवतात ना, टेपरेकॉर्डर घेऊन मळ्यात आलेले? त्यांनी अकादमीच्या मासिकात लेखही लिहिलाय. त्यात म्हणे, 'भामा हे ग्रामीण लेकीचे प्रतीक होय'. मी प्रतीक? मी भाजी विकते पंचवटीत, रोज सकाळी. या म्हणावं बघायला.

तो दिवस मला चांगला आठवतो. सुनीता तेव्हा झोळीत होती. मी तुझ्याकडून मेथी न्यायला आले होते आणि टेम्पोवाला रस्त्यावर हॉर्न मारत होता. सर म्हणाले, आजी, नुसतं म्हणून दाखवा. तू म्हणालीस, "नुसतं कसं येईल? जातं फिरल्याबिगर ववी येत नाय." आणि बसलीस दळायला. आपल्याकडं गिरणी येऊन किती वर्षं झाली होती, तरी. पहिल्या दोनचार ओव्या झाल्या न् तू त्या माणसाकडं बघून हसलीस,

आला बाई पाव्हणा, वाट मळ्याची पुसत
सुधाकर नाव त्याचं, ववी लिहितो हसत

सर खूश. मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, याचं नाव कशाला घुसडलं, आपलं घाल की. तू मलाच वेड्यात काढलंस. "दारात आलेल्याचं नाव घ्यावं लागतं गं. आपलं आपुन नाय घालायचं. ते दुसऱ्यानं घालायचं असतं." वर दळलेलं नागलीचं पीठ त्यांच्या पिशवीत घातलंस. त्या माणसानं भाकरी खाल्ल्या असतील आठवडाभर!

आता पुस्तकात बघ. त्यांचं नाव वर आहे, आत आहे आणि तुझ्या ओवीतसुद्धा आहे. तुझं कुठंच नाही. तुझ्या चांगुलपणाचा मला असा राग कधी आला नव्हता.

मी आज बाजार उरकून थेट अकादमीत गेले. भाजीची पाटी तशीच दाराशी ठेवली. सर आता म्हातारे झालेत. मी सरळ विचारलं, नाव का नाही? तर म्हणतात, "बाई, लोकगीताला कर्ता नसतो."

"मग वर तुमचं नाव कशाला?"

"ते संपादक म्हणून."

"मग माझी आई कोण म्हणून?"

शेजारची टायपिस्ट बाई तोंडावर पदर घेऊन हसली.

मग सर म्हणाले, तुम्ही त्यांचीच मुलगी हे कशावरून? मी म्हटलं, बत्तिसाव्या पानावर मी आहे, मिरचीवानी, आता भांडतेच आहे तुमच्यापुढं, आणि घसाही कोरडा पडलाय. तेव्हा त्यांनी स्वतः उठून पाणी दिलं. ते मात्र खरं.

आणि मग कपाटातून जुनी वही काढली. आये, मी वाकून वाचलं. त्या दिवसाचं पान होतं. मळा लिहिलाय, जातं लिहिलंय, पीठसुद्धा लिहिलंय. 'नाव' म्हणून पुढं रेघ, आणि रेघेपुढं लिहिलंय, 'मुलगी घाईत'.

त्यांनी विचारलं होतं गं. तू नेहमीसारखी माझ्याकडं बघत राहिलीस, मी सांगावं म्हणून. आणि मी म्हणाले, "लिहा काहीही, आवरा आता, टेम्पो जाईल." तुझं नाव सांगायला किती वेळ लागला असता? एका जुडीचा दोरा बांधण्याइतका.

पण म्हणून मी त्यांना सोडलं नाही. मी घाईत होते, तुम्ही तर नव्हता? नंतर कधी यायला काय झालं होतं? शहर बस मळ्याच्या फाट्यावर थांबते. एवढी पुस्तकं, एवढे अंक काढलेत, एक फेरी मारवली नाही?

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापू," म्हणाले.

"अंक कोण बघतंय? नाव पुस्तकात पाहिजे."

"पुस्तकं छापून झालीत, बाई." भिंतीला लावून गठ्ठे होते, ते दाखवले.

मी म्हटलं, पेन द्या.

आधी त्यांना चेष्टा वाटली. मी खाली फतकल मारून बसले न् पहिला गठ्ठा सोडला तेव्हा पेन आलं. 'अनामिक ग्रामीण स्त्री' यावर काट मारायची आणि वर लिहायचं, 'गाणारी : ठकूबाई'. सर म्हणाले, 'गाणारी' नको, 'निवेदक' लिहा, अभ्यासात तसंच म्हणतात. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या लेखात लिहा, ती गात होती. माझं अक्षर वाकडं, ठ तर नीट वळतच नाही. कुलूप लावायची वेळ झाली तोवर चौदा पुस्तकं झाली. बोटं आखडलीत, म्हणून हे पत्रही असं गिचमिड आलंय.

तुला आवडणार नाही, माहीत आहे. एवढं काय नावाचं, म्हणशील. पण तूच म्हणालीस ना, ते दुसऱ्यानं घालायचं असतं? मी राहिले होते घालायची.

उद्या बाजार उरकला की परत जाणार, परवाही जाणार. सगळे गठ्ठे होईस्तोवर जाणार, टेम्पो निघून गेला तरी.

तुझी,
प्रतीक नसलेली,
भामा