या पाण्यात माझी भर नको

मी, चंद्रकांत रघुनाथ गद्रे, वय सत्तावन्न, राहणार बेहाला, कोलकाता, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. यकृताबद्दल तसं म्हणवत नाही. डॉक्टर मुदत सांगत नाहीत, पण हल्ली बोलताना खुर्ची जवळ ओढून घेतात.

१. राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी थोरली बहीण वासंतीताई हिला. वडिलांची संस्कृत पुस्तकंही तिलाच. त्यांनी ती माझ्याकडून घोकून घेतली. पोट मात्र मी शाळेत रसायनशास्त्र शिकवून भरलं.

२. घरामागच्या नाल्याचं, इथल्या भाषेत खालाचं, पाणी मी दरमहा तपासतो. त्या बाटल्या, रसायनं आणि जंतू वाढवायची उबदार पेटी भाचा अनीश याला. त्याने एकदा विचारलं होतं, "मामा, मोजून घाण कमी होते का?" नाही होत. मैल्याचे जंतू वाढत गेले, फॉस्फेटवर जलपर्णी माजली, मासे संपले. म्हणून मोजत राहण्याची अट घालत नाही. पेटीत दही उत्तम विरजतं. आधी नीट धुवावी.

३. ज्या कार्यालयाने माझे अहवाल "योग्य कार्यवाहीसाठी" या टेबलावरून त्या टेबलावर फिरवले, त्याला काही नाही. खालाची एक बाटली ठेवणार होतो, पण बूच शिपायालाच उघडावं लागलं असतं.

४. हा खाल गंगेचा जुना फाटा, म्हणून लोक त्यालाच गंगा मानतात. आई-बाबांच्या अस्थी आम्ही तिथेच सोडल्या. माझ्या सोडू नयेत. हाडांत बहुतांश फॉस्फेटच; ज्याच्याविरुद्ध जन्मभर अर्ज केले, त्यात मेल्यावर भर घालणं शोभत नाही.

हे ऐकून ताईने निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "चंदू, आई-बाबा तिथे आहेत. तू एकटा कुठे जाणार?"

वादात मी तिला सहसा हार जात नाही.

५. सबब कलम चार रद्द समजावं. वकील ऋषभबाबू म्हणतात, खोडून टाका. खोडत नाही, निदान वाचलं जावं. ताईच्या मनासारखं करावं. मूठभर हाडांनी बिघडावं असं त्या पाण्यात काही उरलेलं नाही. फक्त त्या दिवशी कोणी नमुना घेणार असेल, आणि कोणी घेणार नाही हे मला ठाऊक आहे, तर आधी तो घ्यावा, मग मला सोडावं. नंतर वाढलेला आकडा माझा की शहराचा, हे सांगायला मी नसेन.

वाचून, समजून, दोघांसमक्ष सही केली.

चंद्रकांत रघुनाथ गद्रे

साक्षीदार: ऋषभ मित्र, वकील
वृंदा दाते, शेजारीण

बेहाला, कोलकाता
१४ ऑगस्ट २०२५