तिसरं कोटेशन

३ फेब्रुवारी, सोमवार

तिसरं कोटेशन हवं, आणि शुक्रवारच्या आत हवं. हे वाक्य आज इतक्यांदा ऐकलं की जेवतानाही डोक्यात तेच घुमत होतं.

प्रकार असा. कारखान्याच्या पॅकिंग विभागाला नवे एप्रन हवेत. हे काम दरवर्षी एकाच जुन्या पुरवठादाराकडे जातं आणि यंदाही त्यालाच जाणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण फाइलला तीन कोटेशन लागतात, आणि तिघांत ज्याचा भाव कमी त्याला काम, असा नियम. मग जुना पुरवठादार स्वतःचं देतो, त्याचा मित्र जरा चढ्या भावाचं देतो, तिसरा जो कोणी द्यायचा त्याने आता धंदाच बंद केलाय. म्हणून ही शोधाशोध. आणि शोधणार कोण? कॉलेजातून आलेली इंटर्न — म्हणजे मी!

वर्गात सप्लाय चेनच्या मॅडम 'निकोप स्पर्धा' यावर दोन तास बोलल्या होत्या. मी हिरव्या पेनाने अधोरेखित करून सुंदर नोट्स काढल्या होत्या.

आमच्या खरेदी-साहेबांना मी मनातल्या मनात गुळगुळीत म्हणते. आवाज कधी चढत नाही, कोणाला नाही म्हणत नाहीत, पण शब्दात मात्र कधी सापडत नाहीत. आज म्हणाले, "तुमच्या ओळखीत कोणी शिवणकाम करणारं असेल ना? लेटरहेड असलं की झालं."

आत्या आठवली. लगेच आठवली, हेच वाईट.

५ फेब्रुवारी, बुधवार

आत्याला फोन केला. मशीनच्या आवाजातच तिने उचलला. "आमच्या कंपनीला एक कोटेशन देशील का, एप्रनचं?" एवढं बोलले. पुढे म्हणायचं होतं — नुसतं फाइलसाठी हवंय, काम मिळणार नाही. तेवढ्यात मशीन थांबलं आणि ती म्हणाली, "माझ्या भाचीच्या कंपनीचं काम? देते की गं. कापड कुठलं हवं ते सांग."

सांगितलं कापड. काय करणार!

भाव चढाच ठेवायला सांगा, असंही साहेबांनी बजावलं होतं. ते तर मी सांगितलंच नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मेलवर पाठव म्हटलं होतं. आत्या स्वतः आली! ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून, हातात पिशवी आणि पिशवीत शिवलेला नमुना. नमुना कोणी मागितलाच नव्हता. गुळगुळीतांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, एप्रन उजेडात धरून "छान, छान" म्हणाले. मी शेजारी उभी राहून फाइलीच्या दोऱ्यांशी खेळत होते. जाताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, सगळ्यांसमोर. तिला केवढा अभिमान वाटत होता माझा.

दुपारी तिन्ही भाव शेजारी शेजारी मांडले. आत्याचा सगळ्यांत कमी.

पुन्हा पाहिलं. तरी कमीच. नियमाने काम तिचं! क्षणभर मला हसूच फुटलं. साहेब हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, म्हणाले, "काकूंचा हिशेब काहीतरी चुकलाय. नीट करून आणा त्यांच्याकडून. वाढवून. सोमवारी फाइल वर जायचीय." मी म्हटलं, सर, पण हिशेब बरोबर आहे. "म्हणून तर तुम्हाला पाठवतोय," म्हणाले. आवाज तसाच, लोण्यासारखा.

८ फेब्रुवारी, शनिवार

जाऊ की नको. बसस्टॉपपर्यंत गेले आणि भाजी घेऊन परत आले.

९ फेब्रुवारी, रविवार

गेले शेवटी.

आत्याची पुढची खोली म्हणजे दोन मशीन, कापडाचे गठ्ठे आणि बसायला एक स्टूल. आई गेल्यावर बाबा कामावरून येईपर्यंत मी याच खोलीत असायची. चिंध्यांवर झोपायची, जुन्या रिळांचे मनोरे करायची. आज त्याच स्टुलावर बसून मी तिच्याशी खोटं बोलले, आणि ते इतकं सहज जमलं की माझी मलाच भीती वाटली.

वाटेत खरं सांगायचं ठरवलं होतं. पण तिने दार उघडलं तेच, "काय गं, आवडलं ना काम?" म्हणत. मी म्हणाले, "फार आवडलं. साहेब म्हणाले, इतक्या चांगल्या कामाला एवढा कमी भाव नको. जरा वाढवून द्या."

आत्या हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, जन्मभर सगळ्यांनी कमी करा, कमी करा म्हणून जीव खाल्ला माझा. वाढवा म्हणणारे हे पहिलेच." लगेच नवा कागद घेतला. तरी जास्त वाढवायला हात धजेना तिचा. मीच म्हटलं, अजून थोडा वाढव. अजून थोडा. जुन्या पुरवठादाराच्या वर जाईपर्यंत मीच तिला चढवत नेलं.

"बाबांना इतक्यात बोलू नकोस," म्हणाली. "काम हातात आलं की मीच सांगणार माझ्या भावाला."

कागद बॅगेत घातला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फाइल काल मोठ्या साहेबांकडे गेली. त्यांना तीन कोटेशन दिसतील आणि सगळं नियमात दिसेल. पहिलं कोटेशन फाइलीत नाहीच. ते साहेबांनी मला परत दिलं, "ठेवा तुमच्याकडे" म्हणून.

"शिकलात की काम," असंही म्हणाले. लवकरच विभागात एक जागा निघतेय, हे सहज बोलता बोलता कानावर घातलं. मला माझी किळस आली आणि आनंदही झाला. दोन्ही एकदम होऊ शकतं हे माहीत नव्हतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आत्याचा फोन. "ठरलं का गं?" अजून नाही म्हटलं. ठरलंय. सगळं ठरलंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आत्याने शाळेच्या गणवेशांचं काम सोडलं!

वर्षानुवर्षं तिच्याकडे होतं ते. त्याच्यावर तर तिचं घर चालतं. मला वाटलं नुसतं बोलतेय, पण खरंच नाही कळवून टाकलं तिने. "दोन्ही कामं एकदम कशी झेपतील? तुझ्या कंपनीसाठी हात मोकळे ठेवलेत."

"अगं, थांबायचं होतंस ना," मी जवळजवळ ओरडलेच.

"कशाला थांबायचं? साहेबच तर भाव वाढवा म्हणाले. ज्याला काम द्यायचं नसतं तो असं कशाला म्हणेल?"



१८ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेत फोन केला, आत्याला न सांगता. काम दुसऱ्या शिंप्याला गेलंसुद्धा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वर्गात माझं सादरीकरण. विषय आधीच ठरलेला: 'पुरवठादाराशी विश्वासाचं नातं'. दुसऱ्या कोणावर आली असती ही वेळ तर मी पोट धरून हसले असते. बोलत गेले, बोलत गेले, थांबताच येईना. एका छोट्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं उदाहरण दिलं. मॅडम म्हणाल्या, "फारच जिवंत होतं." सगळ्यांत जास्त गुण मला.

घरी येऊन कपाट आवरलं. मग परत विस्कटलं. कुठे बसवतच नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नकाराचं पत्र मलाच टाइप करायला सांगितलं. 'आपला भाव तुलनेने अधिक असल्यामुळे'. टाइप केलं, पाठवलं.

संध्याकाळी आत्याचा फोन. आवाज अगदी बारीक. "माझीच हाव नडली बघ. ते म्हणाले थोडं वाढवा, आणि मी वाहवत गेले." मग म्हणाली, "माझ्यापायी तुला तर काही बोलले नाहीत ना साहेब?"

नाही म्हटलं. फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

२६ फेब्रुवारी, बुधवार

जागा मला मिळाली. परीक्षेपर्यंत अर्धा वेळ, मग कायम. सोमवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत सही करायला बोलावलंय. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. आत्यालाही केला. ती म्हणाली, पोरीला ऑफिसात घालायला चांगला कोट शिवते, माप द्यायला पाठव.

हात मोकळेच आहेत ना तिचे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कामात दोन चुका. जेवणाची चव नाही. साहेबांनी विचारलं, "बरं नाही का?" एवढ्या मायेने विचारलं की त्यांचाही राग येईना. राग सगळा माझाच येतोय. त्यांनी नुसतं पाठवलं होतं, 'अजून थोडा' मी म्हणाले होते.

सांगितलं तर आत्या गेली. नाही सांगितलं तर ती जन्मभर स्वतःला हावरट समजणार.

२ मार्च, रविवार

सांगितलं. ती खांद्याचं माप घेत होती, माझी पाठ तिच्याकडे होती, तेव्हा. सगळं सांगितलं.

टेप खांद्यावरच राहिला. "म्हणजे पहिल्या भावात काम माझं होतं."

हो म्हटलं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "उद्या मी येते तुझ्या कंपनीत. मोठ्या साहेबांपुढे हे असंच बोलशील?"

उद्याच माझी सही आहे.

बोलेन म्हटलं.